जळालेली देवळे, उरलेला कागद

इ.स. ७६४ मध्ये जपानच्या दरबारात एक बंड झाले आणि ते मोडून काढले गेले. बंड शमल्यावर सम्राज्ञी शोतोकू हिने एक विलक्षण संकल्प सोडला. लाकडाचे दहा लाख छोटे पॅगोडे कातून घ्यायचे, प्रत्येकाच्या पोटातल्या पोकळीत छापील धारणीची एक गुंडाळी ठेवायची आणि ते दहा मोठ्या देवळांना वाटून द्यायचे. वीतभर उंचीचे हे पॅगोडे ७७० पर्यंत तयार झाले. धारणी म्हणजे भारतातून चीनमार्गे तिकडे पोचलेले संस्कृत मंत्र. ते चिनी अक्षरांत उतरवले होते, आणि कोणी वाचावेत अशी अपेक्षाही नव्हती. मंत्र पुन्हापुन्हा उमटवण्यातच पुण्य होते. तो मजकूर लाकडी ठशाने छापला की धातूच्या, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. वाद नाही तो पुढच्या गोष्टीबद्दल. दहांपैकी नऊ देवळांकडचे पॅगोडे आगीत, लढायांत आणि काळाच्या ओघात गेले. नारा शहराजवळच्या होर्यु-जी या एकाच देवळात चाळीस हजारांहून अधिक पॅगोडे उरले, आणि त्यांच्या पोटातला कागदही बराचसा उरला.

जपानी मुद्राचित्रांतल्या देवळांविषयी लिहायचे तर ही गोष्ट आधी सांगावी लागते. पुढच्या अकराशे-बाराशे वर्षांत जे होणार होते, त्याचे सगळे जिन्नस तिच्यात आहेत : लाकडाची वास्तू, छापलेला कागद, आग, आणि एकाच वस्तूच्या पुष्कळ प्रती काढून ठेवण्याची सवय.

आपल्याकडे ही चित्रे बहुतेकांना कॅलेंडरवरून किंवा शुभेच्छापत्रांवरून ठाऊक असतात. लाल दरवाजा, पडणारे बर्फ, छत्री घेतलेली एक बाई. पाहणाऱ्याला शांत वाटते आणि तो पान उलटतो. माझे म्हणणे इतकेच, की यांतली निदान काही चित्रे घटकाभर वास्तूंची कागदपत्रे म्हणून पाहावीत. ज्या इमारती त्यांत दिसतात त्यांतल्या पुष्कळशा आज जागेवर नाहीत. काही पुन्हा बांधल्या आहेत, पण काँक्रीटमध्ये. काही दुसऱ्याच बाजूला. मात्र कागदपत्र म्हटले की साक्षीदाराला विचारायचे प्रश्नही आले : तू काय पाहिलेस, काय गाळलेस, आणि तुझ्या सांगण्यावर किती विसंबायचे?

एक छोटा खुलासा. ‘जी’ हा प्रत्यय आपल्या कानाला आदरार्थी वाटेल. जपानीत त्याचा अर्थ देऊळ, तेही बौद्ध. शिंतो देवस्थानांना वेगळी नावे आहेत. १८६८ पूर्वी मात्र दोन्ही पंथांच्या वास्तू एकाच आवारात गुण्यागोविंदाने नांदत असत, त्यामुळे जुन्या चित्रांत ही सीमारेषा शोधू नये.

मुद्राचित्र चित्रकाराच्या नावाने ओळखले जाते, पण ते निदान चौघांचे काम असते. प्रकाशक पैसा घालतो आणि बरेचदा विषयही तोच सुचवतो. चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करतो. ठसे कोरणारा कारागीर ते रेखाटन डोंगरी चेरीच्या फळीवर उलटे चिकटवतो आणि रेषा तेवढ्या उंच ठेवून बाकीचे लाकूड काढून टाकतो. चौथा, छापणारा, फळीवर रंग आणि तांदळाची खळ लावून वर ओलसर कागद ठेवतो आणि बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या चकतीने पाठीमागून घासतो. प्रत्येक रंगाला वेगळा ठसा. दहा-पंधरा रंग एकावर एक अचूक बसावेत म्हणून प्रत्येक फळीच्या कडेला दोन खाचा असतात. कागद त्यांत टेकवायचा. एवढ्याशा दोन खाचांवर हा सगळा व्यवसाय उभा होता.

यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की चित्रकाराचे अंतिम रेखाटन कोरताना नष्टच होते. पाते त्या कागदातून आरपार जाते. म्हणजे ‘मूळ चित्र’ नावाची वस्तू उरतच नाही. उरतात त्या प्रती. आणि त्या प्रती महाग नव्हत्या. एकोणिसाव्या शतकातल्या एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, साधे मुद्राचित्र सोबा शेवयांच्या एक-दोन वाडग्यांच्या भावात मिळे. गावाकडून आलेला यात्रेकरू ते घेऊन जाई आणि घरच्या सरकत्या दाराला चिकटवी. मूळ हरवले तरी आकार हरवू नये, ही व्यवस्था ठसे कोरणाऱ्यांनी काही तत्त्वज्ञान म्हणून केलेली नव्हती. त्यांचा धंदाच तसा चालत होता.

देवळे बांधणाऱ्या सुतारांचे जगही याहून फार वेगळे नव्हते. हिनोकी या सुवासिक सायप्रसचे खांब, खिळ्यांपेक्षा सांध्यांवर भरवसा, आणि छपराचा प्रचंड भार तोलणारी हस्तांची उतरंड. वळचणीखाली वाशांच्या दोन-दोन ओळी, एकीवर एक, शेकड्यांनी. त्या रेखाटायला चित्रकाराला एक सकाळ लागत असेल. कोरणाऱ्याला मात्र प्रत्येक वाशाच्या दोन्ही कडांनी पाते फिरवावे लागे. झाडाच्या फांदीची रेषा थोडी हलली तर फांदी वाऱ्याने हलल्यासारखी दिसते. वासा हलला तर छप्पर कोसळल्यासारखे दिसते. वास्तू कोरण्याचे काम म्हणूनच अवघड, आणि चांगल्या प्रतीत वळचणीखालची सावली पाहताना मला दर वेळी चित्रकाराआधी त्या निनावी हाताची आठवण होते.

इमारत चित्रात ‘खोल’ दिसावी ही हौस अठराव्या शतकात आली. युरोपीय यथार्थदर्शनाची ओळख काही चिनी चित्रांमधून आणि डच पुस्तकांमधून झाली होती, आणि एदोतल्या चित्रकारांनी त्या रेषांशी खेळायला सुरुवात केली. अशा चित्रांना ‘उकि-ए’, तरंगणारी किंवा पुढे येणारी चित्रे, म्हणत. यात देऊळ हा आयताच विषय होता. एका ओळीत इतके खांब आणखी कुठे मिळणार? उतागावा तोयोहारु याने क्योतोच्या सांजूसानगेन्दोचे चित्र काढले आहे. खांबांमधली तेहतीस अंतरे असलेली, जवळजवळ १२० मीटर लांबीची ही वास्तू. १२६६ साली पुन्हा बांधलेली आणि आजही उभी. आत कान्नोनच्या, म्हणजे अवलोकितेश्वराच्या, १००१ मूर्ती. तिच्या लांबच लांब ओसरीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बाण मारण्याच्या स्पर्धा होत. तोयोहारुला मूर्तींपेक्षा ती ओसरी महत्त्वाची वाटली, आणि ते बरोबरच आहे. पळत्या रेषांना त्याहून चांगले मैदान नव्हते.

होकुसाइने हीच कला पचवून तिची थट्टा केली. फुजी पर्वताच्या त्याच्या प्रसिद्ध मालेत, १८३० च्या आसपास, आसाकुसाच्या होनगान-जी देवळाचे चित्र आहे. त्यात देऊळ म्हणून काय दिसते? फक्त छपराचे टोक. राक्षसी त्रिकोण, त्यावर मुंग्यांसारखे कौले शाकारणारे कामगार, आणि दूर क्षितिजावर तसाच पण चिमुकला दुसरा त्रिकोण : फुजी. देवळाचा दरवाजा, गाभारा, भाविक, सगळे चौकटीबाहेर. हे छप्पर १९२३ मध्ये गेले.

याच मालेतले सझाइदोचे चित्र मला अधिक मोलाचे वाटते. एदोच्या होंजो भागात पाचशे अर्हतांचे एक देऊळ होते, गोह्याकु राकान-जी. त्याच्या आवारात तीन मजली सझाइदो होता. ‘सझाइ’ म्हणजे समुद्रातला पिळाचा शंख. या इमारतीत भाविक एका वाटेने वळत-वळत वर जाई आणि आला त्या वाटेवर उलटे पाऊल न टाकता खाली येई. वाटेत शंभर कान्नोन मूर्तींचे दर्शन होई. ज्यांना खरी शंभर क्षेत्रे गाठणे परवडत नसे त्यांच्यासाठी ही घरबसल्या यात्रा. वरच्या मजल्याच्या सज्जावरून फुजी दिसे. होकुसाइने सज्जाच्या तक्तपोशीच्या सगळ्या रेषा त्या पर्वताकडे धावताना दाखवल्या आहेत आणि कठड्याशी पाठमोरी उभी असलेली, हात पुढे करून बोट दाखवणारी, ओझे खाली ठेवून टेकलेली माणसे. देवदर्शन झाले, आता थोडे निसर्गदर्शन. कोणत्याही टेकडीवरच्या देवळात हे दृश्य दिसते.

ही इमारत १८५५ च्या भूकंपात खिळखिळी झाली आणि पुढे मेइजी काळात पाडली गेली. देऊळ मेगुरो भागात हलले आणि पाचशेपैकी तीनशेहून अधिक मूर्ती तिथे आजही आहेत. शंख मात्र गेला. तशीच एक वास्तू, १७९६ साली बांधलेली, उत्तरेकडच्या आइझु-वाकामात्सु गावात उभी आहे, म्हणून आपल्याला आतल्या चढाची कल्पना करता येते. एदोतल्या सझाइदोच्या सज्जावर उभे राहिल्यावर काय वाटत असेल, याची साक्ष मात्र होकुसाइच्या कागदाकडेच राहिली. मोजमाप म्हणून ती कुचकामी आहे. लोक तिथे कशासाठी जात, हे कुठल्याही नकाशापेक्षा ती नीट सांगते.

मोजमापाची साक्ष हवी असेल तर दुसरीकडे पाहावे लागते. १७८० मध्ये क्योतोच्या स्थळांचा आणि १८३४ ते १८३६ या काळात एदोच्या स्थळांचा सचित्र कोश निघाला. एदोच्या कोशासाठी साइतो घराण्याच्या तीन पिढ्या खपल्या आणि चित्रे हासेगावा सेत्तान याने काढली. एकरंगी, पक्ष्याच्या नजरेतून पाहिलेली देवळांची आवारे : कुठे घंटाघर, कुठे पाण्याचे टाके, कुठे चहाचे दुकान. कलाप्रेमी या चित्रांकडे फारसे वळत नाहीत. इतिहासकारांचे मात्र त्यांच्यावाचून पान हलत नाही.

आता हिरोशिगे. हा माणूस अग्निशामक दलात जन्मला. त्याचे वडील एदोच्या सरकारी बंबखान्यात अधिकारी होते. आईवडील लागोपाठ वारले आणि १८०९ साली, कोवळ्या वयात, तो हुद्दा त्याच्याकडे आला. पुढे त्याने तो नात्यातल्या दुसऱ्याला सोपवला आणि पूर्णवेळ चित्रकार झाला. भांडणे आणि आगी ही एदोची फुले, अशी तिथली म्हण आहे. १६५७ च्या एकाच आगीत शहराचा निम्म्याहून अधिक भाग जळाला होता. लाकडी शहर कसे पेटते हे ज्याला कामाचा भाग म्हणून ठाऊक होते, त्यानेच त्या शहराची सगळ्यांत मोठी चित्रमाला काढली.

‘एदोची शंभर प्रसिद्ध दृश्ये’ ही माला १८५६ पासून निघू लागली. त्याआधी काही महिने, ११ नोव्हेंबर १८५५ च्या रात्री, एदोत मोठा भूकंप झाला होता. हजारो माणसे मेली, आगी लागल्या. बाजारात लगेच भूकंपाची चित्रे आली. पृथ्वीखाली एक अजस्र मांगूर मासा असतो आणि तो हलला की धरणीकंप होतो, अशी समजूत होती. त्या माशाला बदडणारी माणसे, त्याची माफी ऐकणारे देव अशी ती चित्रे. सरकारने ती बंद पाडली. प्रत्यक्ष नाशाचे चित्रण सेन्सॉरला चालत नसे.

या मालेत आसाकुसाच्या सेन्सो-जीचे चित्र आहे. वरच्या कडेला चौकटीने कापलेला प्रचंड लाल कंदील, डावीकडे दरवाजाचा लाल भाग. म्हणजे आपण ‘कामिनारीमोन’ या बाहेरच्या दरवाजात उभे आहोत. समोर बर्फाने झाकलेली वाट, छत्र्या घेऊन आत चाललेली माणसे, टोकाला दुसरा दरवाजा आणि त्याच्या उजवीकडे पाच मजली पॅगोडा. कंदिलावर अर्धवट दिसणारी अक्षरे शिन्बाशी या वस्तीचे नाव सांगतात; तिथल्या लोकांनी तो अर्पण केला होता. चित्रात तीनच गोष्टी बोलतात : लाल, हिरवा आणि कोरा कागद. बर्फ म्हणजे न छापलेला कागद.

बर्फाच्या या चित्रावर प्रकाशनाचा जो शिक्का आहे तो मात्र जुन्या पंचांगाप्रमाणे १८५६ च्या सातव्या महिन्याचा, म्हणजे उन्हाळ्याच्या अखेरचा. मग भर उन्हाळ्यात बर्फ का? एका जपानी अभ्यासकाने याचे उत्तर पॅगोड्याच्या माथ्यावर शोधले. भूकंपात पॅगोडा कोसळला नव्हता, पण त्याच्या कळसाचा नऊ कड्यांचा धातूचा दांडा वाकला होता. त्या काळच्या एका सचित्र वृत्तान्तात तो तसा वाकलेला दाखवला आहे आणि सगळ्या शहरात त्याची चर्चा होती. चित्र निघण्याच्या थोडेच आधी तो दुरुस्त झाला. हिरोशिगेच्या चित्रात कळस ताठ उभा आहे. लाल आणि पांढरा हे जपानात मंगल प्रसंगाचे रंग. तेव्हा ज्याला नुसते हिमदृश्य समजायचे ते खरे तर वर्तमानपत्राची बातमी आहे : आपला पॅगोडा पुन्हा सरळ झाला.

हे स्पष्टीकरण मला पटते. संपूर्ण मालेला ते लावू नये. प्रत्येक चित्रात भूकंप शोधत बसलो तर हिरोशिगे पत्रकार होईल आणि चित्रकार उरणार नाही. पण या एका चित्रापुरता पुरावा भक्कम आहे. आणि त्यातून साक्षीदाराचा स्वभाव कळतो. तो पडझड दाखवत नाही. तो दुरुस्ती दाखवतो, तीही न बोलता, ज्याला कळायचे त्याला कळेल अशी.

पुढचा हिशेब थोडक्यात. चित्रातला तो दरवाजा १८६५ च्या आगीत गेला आणि तब्बल ९५ वर्षांनी, १९६० मध्ये, उद्योजक मात्सुशिता कोनोसुके यांच्या देणगीतून परत उभा राहिला. १६४९ चे मुख्य देऊळ आणि पॅगोडा १९२३ च्या भूकंपातून वाचले. १० मार्च १९४५ च्या अमेरिकन बाँबहल्ल्यात दोन्ही एका रात्रीत जळाले. त्याआधी अकरा वर्षे, १९३४ मध्ये, कासामात्सु शिरो याने त्याच देवळातल्या मोठ्या कंदिलाचे चित्र काढून ठेवले होते. मुख्य देऊळ १९५८ मध्ये काँक्रीटमध्ये झाले, पॅगोडा १९७३ मध्ये. आणि पॅगोडा आता वाटेच्या डाव्या हाताला आहे. आज कामिनारीमोनमध्ये उभे राहून हिरोशिगेचे चित्र समोर धरले तर तो उजवीकडे शोधून सापडणार नाही. चित्र चुकलेले नाही. शहर हलले आहे.

याच्या उलट घडलेली गोष्ट उएनोची. कानएइ-जी हे तोकुगावा शोगुनांचे मोठे देवस्थान. १८६८ च्या जुलैमध्ये शोगुनांचे उरलेले निष्ठावंत तिथे अडून बसले आणि नव्या सम्राटसेनेशी झालेल्या लढाईत त्याची मुख्य वास्तू जळून गेली. आज त्या आवारात सार्वजनिक बाग आणि राष्ट्रीय संग्रहालय आहे. १६३१ चे छोटे कियोमिझु मंदिर मात्र वाचले. हिरोशिगेने त्या मंदिराच्या खाली एक पाइन दाखवला आहे, ज्याची फांदी वळून पूर्ण गोल झाली आहे. चंद्राचा पाइन म्हणून तो प्रसिद्ध होता. झाड कधीच गेले. २०१२ मध्ये तिथे नव्या झाडाची फांदी वळवून तो गोल पुन्हा केला गेला. नमुना कोणता, तर हिरोशिगेचे चित्र. त्याने तो गोल थोडा अधिकच गोल काढला असणार, पण आता तक्रार कोण करणार? साक्षीदारच नकाशा झाला.

१ सप्टेंबर १९२३, दुपारी बाराला दोन मिनिटे कमी. घरोघरी चुली पेटलेल्या. भूकंपापेक्षा त्यानंतरच्या आगींनी तोक्यो अधिक खाल्ले. मृतांचा आकडा लाखावर गेला. वातानाबे शोझाबुरो हा प्रकाशक तेव्हा जुन्या पद्धतीच्या मुद्राचित्रांना नवा जन्म देण्याच्या खटपटीत होता. त्याचे दुकान, तयार प्रती आणि ठसे जळाले. त्याचा आवडता चित्रकार कावासे हासुइ याच्या घराबरोबर त्याच्या १८८ रेखाटनवह्या गेल्या. भटकंती करून स्थळे टिपायची आणि घरी येऊन चित्र बांधायचे अशी त्याची रीत; म्हणजे त्याची सारी शिदोरीच गेली. वातानाबेने त्याला प्रवासाला धाडले. पश्चिम जपानात १०२ दिवस फिरून तो नव्या वह्या घेऊन परतला.

१९२५ मध्ये त्याने ‘तोक्योची वीस दृश्ये’ सुरू केली. त्यातले झोजो-जीचे चित्र म्हणजे वर म्हटलेले कॅलेंडरवरचे चित्र. लाल दरवाजा, तिरपे बर्फ, छत्री पुढे झुकवून वाऱ्याशी झगडत चाललेली बाई. हासुइवर एक आरोप नेहमी होतो : राखेत बसलेल्या, तारा आणि इंजिने यांनी भरलेल्या शहरात त्याला जुन्या जपानचे गोड स्वप्नच का दिसावे? आरोप सर्वस्वी खोटा नाही. त्याच्या काही चित्रांत गोडवा जरा जास्तच होतो. पण झोजो-जीला तो लावता येत नाही. हा दरवाजा १६२२ चा. आजूबाजूचे शहर गेले आणि हा उभा राहिला, हे १९२५ च्या तोक्योतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. हिरोशिगेच्या ताठ कळसासारखीच ही न बोललेली बातमी आहे. १९४५ मध्ये झोजो-जीमधल्या शोगुनांच्या सोनेरी समाध्या बाँबहल्ल्यांत जळाल्या. दरवाजा तेव्हाही वाचला.

त्याच काळात योशिदा हिरोशी हा चित्रकार दुसऱ्या टोकाला पोचला होता. त्याने कोरणारे आणि छापणारे आपल्या हाताखाली ठेवले, आणि निक्कोच्या योमेइ दरवाजाच्या नक्षीचे १९३७ चे चित्र ९६ वेळा छापून पुरे केले. मला ते थकवणारे वाटते. सोन्याचा मुलामा कागदावर आणण्याच्या नादात दरवाजा मिठाईच्या डब्यासारखा झाला आहे. १९३०-३१ मध्ये तो मुलाला घेऊन भारतात फिरला. ताजमहाल, अमृतसरचे सुवर्णमंदिर, सांचीचे तोरण यांची त्याची चित्रे आहेत. सांचीच्या तोरणात त्याला कोरीव दगडाची खडबड नेमकी सापडली आहे. लाकडी ठशाला दगड झेपतो, हे ते चित्र पाहिल्याखेरीज मला पटले नसते.

मात्र या कथेतला भारताचा खरा धागा त्याहून आधीचा आणि अधिक जवळचा आहे. तो अजिंठ्यातून जातो. आराइ कांपो हा जपानी चित्रकार १९१६ मध्ये रवींद्रनाथ ठाकुरांच्या निमंत्रणावरून भारतात आला आणि पुढे अजिंठ्याच्या लेण्यांत राहून त्याने भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्या तोक्योच्या शाही विद्यापीठात ठेवल्या होत्या. १९२३ च्या आगीत त्या जळाल्या. प्रत एकच होती.

हाच कांपो पुढे होर्यु-जीच्या सुवर्णदालनातल्या भित्तिचित्रांची नक्कल करणाऱ्या पथकात एक प्रमुख म्हणून गेला. त्या चित्रांचे अजिंठ्याशी नाते अनेकांनी सांगितले आहे. काम पुरे होण्याआधी, १९४५ मध्ये, तो वारला. नकला करणे चालूच राहिले, आणि २६ जानेवारी १९४९ च्या पहाटे त्याच दालनात आग लागली. चित्रकारांच्या ऊबेसाठी ठेवलेल्या विजेच्या उशीवर संशय घेतला गेला. दुरुस्तीसाठी वरचा मजला आधीच उतरवून ठेवला होता म्हणून तो वाचला. बाराशे वर्षांची चित्रे काळवंडून गेली. जपून ठेवण्यासाठी चाललेल्या कामातच ती गेली.

या धक्क्यातून १९५० चा सांस्कृतिक संपत्ती संरक्षण कायदा आला. त्यात एक नवी गोष्ट होती : इमारती आणि मूर्ती यांच्या जोडीने ‘अमूर्त’ संपत्ती, म्हणजे माणसांच्या हातांतले कसबही, संरक्षणास पात्र ठरले. सुवर्णदालन जळाले तरी ते बांधणारा सुतार उरला तर काहीतरी उरते, असा तो विचार. सरकारी समितीने मुद्राचित्रणाची परंपराही टिपून ठेवायचे ठरवले. इतो शिन्सुइ आणि कावासे हासुइ या दोघांकडून एकेक चित्र करवून घेतले आणि रेखाटनापासून शेवटच्या छापेपर्यंतची प्रत्येक पायरी नोंदवून ठेवली.

हासुइने विषय निवडला झोजो-जी. १९५३ चे ते चित्र ४२ वेळा छापून तयार होते. तोच दरवाजा, तेच बर्फ. पण आता दरवाजा मागे गेला आहे आणि पुढे ट्रामच्या थांब्यावर माणसे ताटकळत उभी आहेत, अंग चोरून, कोटाच्या कॉलरी वर करून. २८ वर्षांपूर्वीची ती एकटी बाई एक देखणी आकृती होती. ही माणसे कामावरून घरी निघालेली आहेत आणि दरवाजाकडे कोणाचेच लक्ष नाही. तो तिथे आहे, असायचाच. दोन्हींपैकी एक घ्यायचे असेल तर मी हे घेईन.

हासुइ नोव्हेंबर १९५७ मध्ये गेला. पोटाच्या दुखण्याने बेजार असताना त्याने एक शेवटचे चित्र हातात घेतले होते. उत्तर जपानातल्या हिराइझुमी गावी च्युसोन-जी देवळात कोंजिकीदो नावाची छोटी वास्तू आहे, ११२४ सालची, आतून-बाहेरून सोन्याच्या वर्खाने मढवलेली. बर्फ पडते आहे, पायऱ्या पांढऱ्या झाल्या आहेत, आणि एक भिक्षू पाठमोरा वर चढतो आहे. चित्राचे नाव कोंजिकीदो, पण सोने कुठेच दिसत नाही. दिसते ते पावसापाण्यापासून त्या सोन्याला जपण्यासाठी त्याच्याभोवती बांधलेले साधे, काळपट लाकडी घर. हासुइच्या मृत्यूनंतर वातानाबेच्या कारागिरांनी ठसे कोरून चित्र पुरे केले आणि शंभराव्या दिवसाच्या विधीला जमलेल्या स्नेह्यांना त्याची एकेक प्रत वाटली.

पुढे १९६० च्या दशकात कोंजिकीदोची मोठी डागडुजी झाली. त्यासाठी काँक्रीटचे नवे आवरण बांधले आणि सोन्याची वास्तू आता त्यात, काचेआड आहे. हासुइने काढलेले लाकडी घर पाडले नाही. ते उतरवून आवारातच थोड्या अंतरावर पुन्हा उभे केले. ते आतून रिकामे आहे. यात्रेकरू आत जाऊन वरच्या वाशांकडे पाहतात आणि बाहेर येतात.